रुळलेला गोंधळ

आगगाडीच्या दोन रुळांमध्ये किती अंतर असावं, हा प्रश्न वरकरणी तरी भांडणाचा वाटत नाही. त्यात धर्म नाही, जात नाही, पाणीवाटप नाही. दोन लोखंडी पट्ट्या समांतर ठेवायच्या आणि त्यांच्यावरून चाकं पळवायची. जाणत्या सुताराने जेवणाच्या सुट्टीआधी निकालात काढावा एवढाच हा विषय. तरी माणसांनी या अंतरावरून चौकशी आयोग नेमले, कायदे केले, दंगली केल्या आणि पूल पाडले. दोन्ही रुळांच्या आतल्या कडांमधल्या या अंतराला गेज म्हणतात. युरोपचा बराच भाग, अमेरिका आणि चीन इथे ते १४३५ मिलिमीटर आहे. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत १६७६. रशियात १५२० आणि त्याला खेटून असलेल्या फिनलंडमध्ये १५२४. स्पेनमध्ये १६६८, आयर्लंडमध्ये १६००, जपानच्या जुन्या मार्गांवर १०६७ आणि आपल्या माथेरानच्या गाडीला अवघे ६१०. ही यादी वाचून एखाद्या सज्जनाला वाटेल, की प्रत्येक देशाने आपली माती, वारा, डोंगर आणि प्रवाशांच्या कमरेचे घेर मोजून विचारपूर्वक आकडा काढला असणार. तसं जवळपास कोणीच केलेलं नाही. बहुतेक ठिकाणी आकडा आधी पडला आणि कारणं त्याच्यामागून धापा टाकत आली. शिवाय आकडा कुठलाही असला तरी आगगाडीचं फारसं काही बिघडत नाही. बिघडायला सुरुवात होते ती शेजाऱ्याचा आकडा वेगळा निघाल्यावर.

सगळ्यांत यशस्वी आकड्यापासूनच सुरुवात करू. १४३५ मिलिमीटर म्हणजे चार फूट साडेआठ इंच. ज्याला जग ‘स्टँडर्ड’ म्हणतं त्या मापात साडेआठ इंच कुठून आले, असं विचारणाऱ्याला इंग्लंडच्या ईशान्येकडच्या कोळशाच्या खाणींवर जावं लागतं. तिथे वाफेचं इंजिन येण्याच्या कितीतरी आधीपासून घोडे रुळांवरून कोळशाचे खटारे ओढत होते. प्रत्येक खाणीचं माप निराळं. त्यांतल्या किलिंगवर्थच्या खाणीवर जॉर्ज स्टीफन्सन नोकरीला होता आणि तिथलं माप साधारण चार फूट आठ इंच होतं. स्टीफन्सनने पुढे १८२५ मध्ये स्टॉकटन ते डार्लिंग्टन मार्ग बांधला, तेव्हा त्याने सवयीचं माप उचललं. वळणावर चाकांच्या कडा रुळांना घासू लागल्या, म्हणून त्यात अर्धा इंच वाढवला आणि १८३० च्या लिव्हरपूल ते मँचेस्टर मार्गावर चार फूट साडेआठ इंच कायम झाले. स्टीफन्सन शेजारच्या खाणीत कामाला असता, तर आज पॅरिसपासून पेकिंगपर्यंत शेजारच्या खाणीचं माप पसरलं असतं आणि तेही तितक्याच गंभीर चेहऱ्याने ‘स्टँडर्ड’ म्हणून मिरवलं असतं.

पण ज्या मापावर अर्धं जग चालतं त्याच्या मुळाशी एका कारागिराची सवय निघावी, हे लोकांना सहन होत नाही. त्यामुळे या मापाला एक भारदस्त वंशावळ जोडण्यात आली. रोमन सैन्याच्या रथांना दोन घोडे जुंपत, त्या घोड्यांच्या पार्श्वभागांवरून रथाची रुंदी ठरली, रथांमुळे रस्त्यांवर चाकोऱ्या पडल्या, चाकोऱ्यांवरून खटारे बेतले गेले आणि खटाऱ्यांवरून रूळ. एवढंच नव्हे, तर अमेरिकेच्या स्पेस शटलचे बूस्टर रेल्वेच्या बोगद्यातून न्यावे लागले, म्हणजे अंतराळयानाचं मापही रोमन घोड्याच्या पार्श्वभागानेच ठरवलं, अशी ही साखळी आहे. ऐकायला ती फारच गोड लागते. अडचण अशी, की ईशान्य इंग्लंडमधल्या खाणींची मापं चार फुटांपासून पाच फुटांपर्यंत विखुरलेली होती. रोमन घोडे सगळीकडे सारखेच असतील, तर ते प्रत्येक खाणीत वेगळी बैठक घेऊन उभे राहिले, असं मानावं लागेल. शिवाय बोगद्याची रुंदी गाडीच्या डब्यावरून ठरते, रुळांमधल्या अंतरावरून ठरत नाही. त्यामुळे अंतराळयानापर्यंत पोहोचण्याआधीच तो घोडा साखळीतून निसटतो. या कथेतला खरा भाग एवढाच, की माणसाला हाताशी असलेलं माप उचलायला आवडतं. त्यासाठी दोन हजार वर्षं मागे जावं लागत नाही, किलिंगवर्थपर्यंत गेलं तरी भागतं.

स्टीफन्सनच्या सवयीला ज्याने खरोखर आव्हान दिलं तो इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा हा इंजिनियर इतरांचं माप निमूटपणे घेणारा नव्हता. त्याने कागद कोरा घेतला, विचार केला आणि सात फूट हा आकडा काढला. पुढे त्यालाही पाव इंच जोडावा लागला. अपूर्णांक चिकटल्याशिवाय गेजला प्रतिष्ठा येत नाही, असा त्या काळचा नियमच दिसतो. ब्रुनेलच्या गाड्या वेगवान आणि स्थिर होत्या. दोन गेजांची गाठ ग्लॉस्टरला पडली, तेव्हा तिथे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरण्याचा गोंधळ सुरू झाला. पाहणीला आलेल्या मंडळींना तो नीट दिसावा म्हणून विरोधी पक्षाच्या अधिकाऱ्याने आधीच भरलेल्या गाड्यांमधला माल पुन्हा उतरवून फलाटावर पसरवला, असंही त्या भांडणाच्या कथांमध्ये सांगतात. शेवटी १८४५ मध्ये गेज आयोग नेमला गेला आणि त्याने दोन्हींच्या चाचण्या घेतल्या. ब्रुनेलच्या इंजिनांनी त्या जिंकल्या. आयोगाने तसं मान्य केलं आणि निकाल स्टीफन्सनच्या बाजूने दिला. कारण साधं होतं: चार फूट साडेआठ इंचांचे रूळ सुमारे १९०० मैल पडले होते आणि ब्रुनेलचे २७४ मैल. १८४६ च्या कायद्याने हा कौल पक्का झाला. इथे शर्यत ज्याने जिंकली तो हरला आणि ज्याने आधी रूळ टाकले तो जिंकला. ब्रुनेलचं माप त्याच्यामागेही टिकून राहिलं आणि १८९२ च्या मे महिन्यात चार हजारांहून अधिक कामगारांनी शनिवार-रविवार राबून ते कायमचं गुंडाळलं. हे सात फूट मोजताना ब्रुनेलने सगळा विचार केला होता. आपल्या रेल्वेला कधीतरी शेजारी लागतील, एवढाच राहिला होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो देशरक्षणाचा. रशियाने मुद्दाम वेगळं माप घेतलं, म्हणजे शत्रूची आगगाडी सरळ मॉस्कोत घुसू नये. स्पेननेही फ्रान्सच्या भीतीने तेच केलं, असं पुष्कळ ठिकाणी छातीठोकपणे सांगितलं जातं. नकाशापुढे उभं राहून काठी फिरवायला हे कारण उत्तम आहे. पण मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग मार्गासाठी रशियाने १८४२ मध्ये सल्लागार नेमला तो जॉर्ज वॉशिंग्टन व्हिसलर नावाचा अमेरिकन इंजिनियर आणि त्याने सुचवलेलं पाच फुटांचं माप त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत सर्रास वापरात होतं. म्हणजे इथेही ओळखीचंच माप उचललं गेलं. स्पेनच्या तज्ज्ञांनी १८४४ मध्ये सहा कॅस्टिलियन फूट पसंत केले ते डोंगराळ मुलखात चढ चढायला मोठा बॉयलर बसवता यावा म्हणून. बरं, संरक्षणाचं कारण खरं धरलं तरी त्याचा उपयोग काय झाला? १९४१ मध्ये जर्मन सैन्य रशियात शिरलं तेव्हा त्यांनी एक रूळ आत सरकवून गेज अरुंद केलं. रुंद मार्गाचे स्लीपर लांब असतात, त्यामुळे रूळ आत घेणं सोपं. अरुंद मार्गाचा रूळ बाहेर ढकलायला स्लीपरच पुरत नाही. आक्रमणापासून वाचण्यासाठीच रशियाने माप निवडलं असेल, तर त्याने शत्रूला सोयीची बाजू देऊन ठेवली, असं म्हणावं लागेल. पुढे पारडं फिरलं तेव्हा रशियनांनीही पश्चिमेकडे जाताना आपल्या मापाचे रूळ पसरले आणि १९४५ मध्ये स्टालिनची गाडी पोट्सडॅमच्या परिषदेला आपल्या रुंद गेजवरूनच गेली. जर्मनांना रशियात अडवलं ते चिखलाने, थंडीने आणि माणसांनी. त्यात एकोणनव्वद मिलिमीटरचा वाटा बेताचाच होता.

रशियाच्या याच मापाला पुढे आणखी एक वळण मिळालं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत रेल्वेने १५२४ मधले चार मिलिमीटर कापून अधिकृत माप १५२० केलं. फिनलंडने मात्र झारच्या काळापासून चालत आलेले १५२४ तसेच ठेवले. चार मिलिमीटर म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढीही लांबी नाही. गाड्या दोन्हीकडे निर्वेधपणे धावू शकतात. पण २०१० मध्ये हेलसिंकी ते सेंट पीटर्सबर्ग अशी वेगवान गाडी सुरू झाली, तेव्हा तिच्या चाकांचं माप १५२२ ठेवलं गेलं. दोन देशांमधल्या मतभेदावर इतका काटेकोर मध्यममार्ग राजनैतिक इतिहासात क्वचितच निघाला असेल.

दुसरा आक्षेप इंजिनियरांचा आणि तो अधिक वजनदार आहे. माप वाटेल ते चालतं असं कसं? रूळ जितके लांब लांब तितकी गाडी स्थिर, डबा मोठा आणि वेग जास्त, हे तर उघड आहे. उघड वाटणाऱ्या गोष्टींचा एक दोष असा, की त्या मोजल्या तर निराळ्या निघतात. रेल्वेचा चाकांवरचा विक्रमी वेग ताशी ५७४.८ किलोमीटर आहे. तो फ्रान्सच्या टीजीव्हीने २००७ मध्ये आपल्यापेक्षा अरुंद अशा १४३५ वर केला. त्याहून अरुंद १०६७ वर दक्षिण आफ्रिकेत १९७८ मध्ये ताशी २४५ किलोमीटर वेग गाठून झाला होता. आपल्या रुंद १६७६ वर तेवढा वेग आजही वेळापत्रकात नाही. डब्याचं म्हणाल, तर जपानच्या शिनकान्सेनचा डबा १४३५ च्या रुळांवर ३.३८ मीटर रुंद आहे आणि आपला लांब पल्ल्याचा नेहमीचा डबा १६७६ वर ३.२५ मीटर. मुंबईची लोकल ३.६६ मीटर रुंद आहे. तरी दारात लोंबकळणाऱ्यांची संख्या पाहता गेज, डबा आणि जागा यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न तिथे कोणी शास्त्रीय पातळीवर मांडत नाही. ओझ्याचं म्हणाल, तर दक्षिण आफ्रिकेतल्या सिशेन ते साल्डान्हा मार्गावर तीनशेहून अधिक वाघिणींच्या लोहखनिजाच्या गाड्या साडेतीन फुटांच्या गेजवरून जातात. वेग, रुंदी आणि वजन यांचा फैसला वळणं, पूल, बोगदे, भराव आणि रुळांची जाडी करतात. गेजचा क्रमांक त्यानंतर लागतो. स्पेनमध्ये तर २०२३ साली असं उघडकीला आलं, की उत्तरेकडच्या डोंगराळ मीटरगेज मार्गांसाठी मागवलेल्या नव्या गाड्या आराखड्याप्रमाणे बांधल्या तर तिथल्या बोगद्यांत मावणारच नाहीत. गाड्या बांधल्या जाण्याआधी हे लक्षात आलं, एवढं नशीब. वरिष्ठांचे राजीनामे मात्र वेळेवर सुटले. त्या गाड्यांचं गेज अगदी बरोबर होतं.

रुंदी म्हणजे प्रगती हे गणित शेवटपर्यंत नेऊन पाहिलं ते हिटलरने. त्याला तीन मीटर गेजची आगगाडी हवी होती, दुमजली डब्यांची, साऱ्या युरोपभर धावणारी. रुळाचा एक वीतभर तुकडाही त्या मापाने पडला नाही, पण युद्ध हरेपर्यंत इंजिनियर नकाशे काढत राहिले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेने मात्र रुंद माप प्रत्यक्षात आणलं आणि तेही चक्क आपलं, १६७६. गोल्डन गेट पुलावरच्या वाऱ्यात गाडी डळमळू नये, असा हिशेब त्यामागे सांगतात. गाडी त्या पुलावर कधी गेलीच नाही, कारण पलीकडचा मरीन जिल्हा योजनेतून बाहेर पडला. बार्टला मात्र १९७२ पासून आजपर्यंत प्रत्येक डबा खास शिवून घ्यावा लागतो, कारण अमेरिकेत या मापाचं तयार काही मिळत नाही. भारतात चोवीस तास राबणारं माप कॅलिफोर्नियात अडचणीचं ठरतं, यात मापाचा दोष कणभरही नाही. भोवतालच्या साऱ्या देशाचं माप दुसरं आहे, एवढाच काय तो फरक.

आता आपल्याकडे. पहिल्या भारतीय रेल्वेसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालक मंडळाला इंग्लंडचंच चार फूट साडेआठ इंचांचं माप हवं होतं. इथल्या सिम्स नावाच्या सल्लागार इंजिनियराने भारतातली वादळं पाहून साडेपाच फूट सुचवले. लॉर्ड डलहौसीने सहा फूट मागितले. मंडईत मेथीच्या जुडीचा भाव ठरतो त्या रीतीने घासाघीस होऊन साडेपाचावर सौदा तुटला आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी त्या सौद्यावरून धावली. पुढे सतरा वर्षांतच व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला हे माप फार खर्चिक वाटलं. गरीब मुलखाला लहान रेल्वे पुरे, हे त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तज्ज्ञांपैकी कोणी पावणेतीन फूट म्हणालं, कोणी साडेतीन. पुन्हा मधला आकडा निघाला, सव्वातीन फूट. एवढ्यात भारतात मेट्रिक पद्धत आणण्याचा विचार सरकारच्या मनात आला होता, म्हणून त्यात आणखी तीन अष्टमांश इंच घालून बरोबर एक मीटर केला. मेयोचा १८७२ मध्ये अंदमानात खून झाला, मेट्रिकचा कायदा कागदावर राहिला आणि देशाने मीटरचं माप प्रत्यक्ष स्वीकारलं ते १९५८ मध्ये. मधली पंच्याऐंशी वर्षं भारतातल्या मीटरगेज गाड्या अंतर मैलात मोजत, माल मणांत वाहत आणि इंजिनाची लांबी फुटांत सांगत धावत राहिल्या. मीटर तेवढा खाली रुळांमध्ये आडवा पडून होता.

या दोन गेजांचा त्रास महाराष्ट्राइतका सविस्तर क्वचितच कोणी अनुभवला असेल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ब्रॉडगेज, सदर्न मराठा रेल्वे मीटरगेज. दोघींची गाठ पुण्यात. एकाच राणीच्या राज्यातल्या या दोन कंपन्या एकमेकींच्या रुळांवर चाक टेकवू शकत नव्हत्या. उलट कॅसल रॉकच्या घाटात ब्रिटिश हद्द संपून पोर्तुगीज हद्द सुरू होई. राज्य, भाषा, नाणं, जकात सगळं बदले, पण गोव्यातली मुरगावची रेल्वेही मीटरगेज असल्यामुळे रूळ तेवढे बदलत नसत. साम्राज्यं निराळी असून माप जुळलं तर गाडी सीमा ओलांडते आणि साम्राज्य एक असून माप जुळलं नाही तर ती पुण्याच्या फलाटावर अडते. या लेखाच्या मुद्द्याला याहून चांगला साक्षीदार मिळणं अवघड आहे. तिसरं माप आणलं एव्हरार्ड कॅलथ्रॉपने. अडीच फुटांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून सुटली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरज अशी पसरली. कॅलथ्रॉप हा विमानातून उडी मारण्यासाठी हवाई छत्र्याही तयार करणारा माणूस. बार्शी लाइटचा वेग पाहता तिच्यातून उतरायला छत्रीची गरज कोणाला पडली नसावी. १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मिरज हे तिन्ही गेजांचं जंक्शन बनलं. मुंबईहून गोव्याला निघालेला माणूस तिथे ट्रंक, वळकटी आणि पोरं मोजून घेत एका मापातून दुसऱ्या मापात शिरत असे. मनमाडला मराठवाड्याच्या मालाची तीच गत होती. मराठवाड्यात ‘रुंदीकरण’ हा शब्द रस्त्याच्या आधी रेल्वेला लागला आणि काही पिढ्यांच्या राजकारणाला पुरला, तो उगाच नव्हे.

इथे तिसरा आक्षेप घेणारे म्हणतील, की लहान गेजचा फायदा नाकारता येत नाही. तो कोणी नाकारतही नाही. माथेरानच्या डोंगरात १९०७ साली ब्रॉडगेज टाकायचं ठरलं असतं, तर वळणं घेण्यासाठी आधी निम्मा डोंगर हलवावा लागला असता. दार्जिलिंगची आणि सिमल्याची गाडीही अरुंद मापामुळेच वर पोहोचली. बार्शी लाइट नसती तर आषाढीला पंढरपूरच्या कित्येक वारकऱ्यांना आगगाडी मिळालीच नसती. पण डोंगरातले हे मार्ग एका टोकाला संपणारे. माथेरानहून पुढे कुठे जायचं नसतं, म्हणून तिथे मापाचं भांडण होत नाही. माल पुढे जायचा असतो तिथेच हमालांची रांग उभी राहते. हमालांच्या पोटापाण्याचाही विचार करा, असं कोणी म्हणेल, तर तो विचार अमेरिकेतल्या ईरी गावाने १८५३ मध्ये करून ठेवला आहे. तिथे सहा फुटांचं आणि चार फूट दहा इंचांचं गेज एकमेकांना भेटत. माल उतरवणारे, चढवणारे आणि थांबलेल्या प्रवाशांना खाऊ विकणारे यांच्यावर गाव पोसलेलं. कंपन्यांनी माप एक करायचं ठरवताच गावकऱ्यांनी रूळ उखडले आणि पूल पाडले. अडथळा हाच धंदा झाला, की तो दूर करणारा माणूस गावाचा शत्रू ठरतो, एवढं त्यातून कळतं. ईरीचं भांडण काही महिने टिकलं. १८८६ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेने मात्र ३१ मे आणि १ जून अशा दोन दिवसांत सुमारे साडेअकरा हजार मैलांवरचा एक-एक रूळ तीन इंच आत घेतला. मनात आणलं तर माणूस शेजाऱ्याशी जुळवून घेऊ शकतो, याचा हा पुरावा. फक्त मनात यायला पन्नासेक वर्षं लागतात. ऑस्ट्रेलियाला त्याहून जास्त लागली. न्यू साउथ वेल्सच्या आयरिश इंजिनियराने पाच फूट तीन इंच ठरवले, शेजारच्या व्हिक्टोरियाने त्यावर विसंबून मागणी नोंदवली, मग तो इंजिनियर गेला, त्याच्या जागी स्कॉटिश माणूस आला आणि त्याने चार फूट साडेआठ इंचांवर परत आणलं. एका नोकरीतल्या बदलामुळे सिडनी आणि मेलबर्न यांच्या दरम्यान ऑल्बरीला १९६२ पर्यंत प्रवासी गाडी बदलत राहिले.

शेवटचा आक्षेप आजच्या काळाचा. आता तंत्रज्ञान आहे, मग गेजची एवढी चिंता कशाला? स्पेनच्या टाल्गो कंपनीने चालता चालता चाकांमधलं अंतर बदलणारी गाडी १९६९ पासून धावती ठेवली आहे. बेलारूसच्या ब्रेस्टला संपूर्ण डबे उचलून खालच्या बोग्या बदलण्याची सोय आहे. हे कौशल्य खरंच थोर आहे. पण एका गावच्या सवयीशी दुसऱ्या गावची सवय जुळत नाही, एवढं निस्तरण्यासाठी ते खर्ची पडतं. आपल्याकडे १९९२ मध्ये एकच गेज करण्याची मोहीम निघाली आणि आज देशाची पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक रेल्वे ब्रॉडगेज झाली आहे. दीडशे वर्षांचं भांडण मिटत आलं, तोवर नवा पाहुणा दारात आला. दिल्ली मेट्रोचे पहिले मार्ग २००२ मध्ये ब्रॉडगेजवर सुरू झाले, पण पुढचे १४३५ वर. मुंबई, पुणे आणि नागपूर मेट्रो १४३५ वर. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनही १४३५ वर. या निवडीची बाजू पोकळ नाही. जगात या मापाचे डबे तयार मिळतात, शहराच्या वळणांत ते बसतात आणि मेट्रोची गाडी भुसावळला जायची नसते. फक्त एवढं लक्षात ठेवावं, की आपल्या रेल्वेला इतरांच्या रुळांवर जायचंच नाही, हा युक्तिवाद ब्रुनेलचाही होता. तो चुकला ते आकडा मोठा म्हणून नव्हे. त्याच्या आणि शेजाऱ्याच्या रुळांची गाठ पडली म्हणून चुकला. शहरं वाढतात, मार्ग लांबतात आणि आज एकाकी वाटणाऱ्या रुळांना उद्या जोड हवी होते.

तेव्हा सगळ्या पुराव्यांचा निष्कर्ष असा: चार फूट साडेआठ इंच हे काही दैवी माप नाही, साडेपाच फूटही नाही आणि मीटर तर मुळीच नाही. यांतलं कुठलंही माप घेऊन आगगाडी उत्तम धावते, फक्त रूळ संपल्यावर पुढचे रूळ त्याच मापाचे असावे लागतात. यापुढे ज्या कोणाला कुठेही नवी रेल्वे आखायची असेल, त्याने मातीचे नमुने, वाऱ्याचे वेग आणि परदेशी सल्लागारांचे अहवाल जरूर गोळा करावेत. पण त्याआधी टेप घेऊन शेजारच्या स्टेशनात जावं, रूळ मोजावेत आणि तो आकडा निमूटपणे लिहून घ्यावा. अपमान वाटत असेल, तर त्यात अर्धा इंच घालण्याचा मोह आवरावा.